रिव्काने बदललेल्या गोळ्या

रविवारी सकाळी रिव्काने नेहमीप्रमाणे मुलीच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. “गिळ एकदाच्या. बस चुकेल.”

एलिनोरने गिळल्या. तेवीस वर्षांच्या या मुलीच्या मानेत सहा महिन्यांपूर्वी क्षयाची गाठ निघाली होती. दर दोन महिन्यांनी इस्रायलमधल्या किर्यात मलाखी या आपल्या गावाहून बेर्शेबाला जाऊन ती सोनोग्राफी करून घेई. नऊ दिवसांनी तिची मेहेंदी होती, मग लग्न. होणाऱ्या नवऱ्याकडे, तोमेरकडे, आजाराचा शब्दही गेला नव्हता.

डॉक्टर गेउलाबाईंनी मानेवर थंड जेल लावून यंत्र फिरवले. जुन्या नोंदींत गाठ सव्वीस मिलिमीटरवरून अठरावर, मग बारावर आली होती. आज पडद्यावर एकवीस दिसत होते. गाठीच्या मधोमध काळा डाग होता, म्हणजे पू.

“बोटांना लागत नव्हती हो,” एलिनोर म्हणाली.

“खोल आहे. बोटांना उशिरा कळतं. औषध चालू असतानाही गाठ कधी कधी वाढते, म्हणून विचारते. लघवीचा रंग कसा आहे?”

“साधा. पूर्वी नारिंगी असायचा. दीड महिना झाला, साधा झाला. मला वाटलं, बरं होत आलं.”

गेउलाबाईंनी यंत्र बाजूला ठेवले. “मुख्य औषध पोटात गेलं की रंग नारिंगी होतोच. गोळ्या कोण देतं तुला?”

दुपारी एलिनोर घरात शिरली तेव्हा स्वयंपाकघरात दोन बायका पाहुण्यांची यादी करत होत्या. एक आई, दुसरी अहुवाबाई, तोमेरची आई.

“ईमा,” ती आईला म्हणाली, “गोळ्या का बदलल्यास?”

रिव्काचा चेहरा उतरला. “कुपतहोलिमच्या दवाखान्यानं कंपनी बदललीन, सांगितलं ना तुला.”

“खोटं. गाठ वाढलीय. आत पू झालाय.”

“कसली गाठ?” अहुवाबाईंनी विचारले.

“टीबीची. गाठीतला टीबी. माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत, माझ्यापासून कुणाला लागत नाही.”

अहुवाबाईंकडे बोट करून रिव्का फुटलीच. “पेसाहच्या सणाला आल्या तेव्हा ह्यांनी आमच्या संडासात तो रंग बघितलान आणि मला विचारलंन! बीट खाल्लं म्हणून सांगितलं मी. रोज काय बीट सांगू? गाठ हाताला लागत नव्हती. व्हिटॅमिन देत होते, विष नाही!”

अहुवाबाईंनी समोरचा चहाचा कप दूर सारला. कशी आहेस, हे त्यांनी विचारले नाही. “आणखी कुणाला माहीत आहे?”

“डॉक्टरांना.”

“डॉक्टर काय, मेहेंदीला येत नाही. हे बघ, तुझ्या आईनं केलं ते शहाणपणाचं केलं. हॉल ठरलाय, तीनशे माणूस येणार. माझ्या घरात औषधाची बाटली दिसता कामा नये. एक मूल होऊ दे, मग काय त्या गोळ्या खा.”

“तोवर गाठ फुटेल.”

“जिभेला हाड आहे का हिच्या, रिव्काबाई? आमच्या ठाण्याच्या फॅमिलीत सुना तोंड वर करून बोलत नाहीत.”

“मी सून नाही अजून.” एलिनोरने टेबलावरचा फोन ओढला आणि तोमेरचा नंबर फिरवला. दोघींच्या देखत तिने त्याला हिब्रूत सगळे सांगितले. मग त्याने विचारले, “माझी आई काय म्हणते?”

एलिनोरने फोन खाली ठेवला. “तुमचा मुलगा तुम्हाला विचारतोय. माझ्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. हे लग्न होणार नाही.”

अहुवाबाई पर्स उचलून निघाल्या. “बघते कोण करतं हिला! सगळ्या सिनेगॉगला सांगते.”

दार आपटले. रिव्का खुर्चीत बसून कपाळ बडवू लागली. “मुडदे पडले आमच्या अब्रूचे! तुझ्यासाठी केलं गं सगळं!”

“उद्यापासून दवाखान्यात नर्ससमोर गोळ्या घेईन. नव्यानं सहा महिने. तुझ्या हातून नाही.”

हे वाक्य रिव्काला अहुवाबाईंच्या धमकीपेक्षा जास्त झोंबले. तरी तिने विचारले ते दुसरेच. “लग्न का मोडलं म्हणून लोक विचारतील. काय सांगू मी त्यांना?”

“टीबी सांग,” एलिनोर म्हणाली. “सहा महिन्यांत एकदाही तो शब्द उच्चारला नाहीस. आत्ता म्हण, माझ्यासमोर.”

रिव्काने तोंड उघडले, आणि मिटले.