दोन ठोक्यांची खाच

“समोरचे दोन्ही दात आजच काढावे लागतील,” डॉक्टर म्हणाले.

“उद्या काढा, डॉक्टरसाहेब. आज कानबाईनी मिरवणूक शे,” म्हणत झुलालमास्तर गाल धरून खुर्चीवरून उतरलेसुद्धा.

समोरचे दात गेले की कॉर्नेट फुंकता येत नाही. मास्तरांच्या बँडात पंधरा वर्षं ढोल बडवतोय, एवढं मलाही कळतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “नथ्थू, दात गयात त जाऊ दे. पण मना मांगे ती चाल कोण वाजाडी?”

ती चाल म्हणजे आमच्या बँडाला मिरवणुकांच्या सुपाऱ्या मिळवून देणारी चाल. आठ वर्षांपूर्वी भंवरलालशेठच्या दुकानात भजनांच्या खोक्यातून एक भलतीच कॅसेट निघाली. काळं कव्हर, त्यावर कवटी आणि चार केसाळ गोरे. शेठ म्हणाले, “झुलालभाऊ, फुकट न्या. हिला बघून गिऱ्हाईक भजनंसुद्धा घेत नाही.”

त्याला हेवी मेटल म्हणतात, हे फार नंतर कळलं. मास्तरांनी घरी ती लावली, तर त्यांच्या बायकोने, तानुबाईंनी, चुलीपासून विचारलं, “टेप बिगडी गया का?” टेप खरंच बिघडलेला होता. त्याने फीत चावली. मास्तरांनी तिला चिकटपट्टी लावली आणि तिथे खाच पडली, दोन ठोके आवाजच येईना.

“गाणारा आरडी ऱ्हायना, पण वाजाडणारा इमानदार शे,” म्हणत त्यांनी गिटारीची ती जड चाल खाचेसकट कॉर्नेटवर बसवली. मिरवणुकीत त्या खाचेत बायका फुगडी थांबवून दम घ्यायच्या आणि मग दुप्पट फिरायच्या. पुढे नरडाण्याच्या कारखान्यातल्या एका साहेबाने तीच कॅसेट, न तुटलेली, ऐकवली, तेव्हा मास्तर ठामपणे म्हणाले, “ह्या गोरा खाच इसरी गयात.”

दुपारी पांझरा नदीच्या वाटेवर कानबाईची मिरवणूक ऐन रंगात आली. मास्तरांनी चाल धरली, आणि तिसऱ्या फेरीला कॉर्नेटमधून नुसतीच हवा निघाली. ओठावर रक्त. माझा ढोल थांबला. बायका फुगडीतच थबकल्या.

तेवढ्यात मागून तीच चाल उठली. आमच्यामागे दुसऱ्या कानबाईपुढे पिंपळनेरचा बँड होता. आम्ही त्यांना कधी काही शिकवलं नव्हतं, पण खाच बरोबर जागेवर आली. दोन ठोके सगळा रस्ता गप्प. मग पुन्हा धुरळा.

मास्तरांचे डोळे भरून आले. फुगडीतल्या झुंबरबाईला वाटलं, ते ओठ दुखतो म्हणून रडताहेत. “रडू नका, मास्तर. ते वाजाडतीन ना! जुनी चाल शे. मनी आजी हाईच चालवर नाचे.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मास्तरांनी माझा दंड दाबला.

“हा अक्का,” ते म्हणाले, “भलती जुनी शे.”

मग कॉर्नेट माझ्या हातात देऊन, आयुष्यभर लोकांना नाचवणारा तो माणूस पहिल्यांदाच मिरवणुकीत नाचायला उतरला. नाच कसला, नुसत्या उड्याच. पण खाच आली तेव्हा त्यांचा एक पाय वरच थांबला, आणि दोन ठोके झाल्यावरच खाली आला.