दुसऱ्या सिनेमातला अंधार

जुने सिनेमे धुऊनपुसून नवे करायचं माझं काम. ओरखडे काढायचे, विटलेला काळा रंग पुन्हा गडद करायचा. दिवसभर बंद, अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघून डोळ्यांचं पार भुस्कट होतं. आणि घरी गेलं की नवरा म्हणतो, "दिवसभर सिनेमेच बघतेस, मजा आहे बुवा!" उत्तर द्यायचंही आता जिवावर येतं.

या खेपेला दोन भयपट आले. दिग्दर्शक एकच, कॅमेरामनही एकच, म्हणजे माझे बाबा. दिग्दर्शक कधीच गेले. सिनेमे विकत घेणाऱ्या शेठला दोन्ही सारखेच लख्ख हवे होते, फोनवर बघणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे म्हणून. मी हट्टाला पेटले, तेव्हा कुठे तो म्हणाला, "बरं, कॅमेरामन म्हणतील तसं." बाबांना आता समोरच्याचं तोंडही धड दिसत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मला दुसऱ्या सिनेमातला अंधार वाचवायचा होता. पहिल्यात कॅमेरा खांबासारखा जागच्या जागी उभा असतो. भूतच चालत समोर येतं, खालून दिवा मारलेला, मागे भिंतीवर ताडमाड सावली. लोक किंचाळायचे आणि लगेच हसायचे. दुसऱ्यात भूत दिसतच नाही. कॅमेराच ट्रॉलीवरून बोळातून हळूहळू सरकतो आणि एका काळ्या कोपऱ्यासमोर थांबतो. कोपऱ्यात काही नसतं, तरी जीव मुठीत धरून बघावं लागतं. हसायचं कुणाला सुचत नाही.

बाबांना हात धरून आणलं आणि मॉनिटरसमोर बसवलं. पहिला सिनेमा त्यांनी जवळजवळ कानांनीच बघितला.

"भडक आहे. तेव्हा दाखवायची भारी हौस होती आम्हाला," ते म्हणाले.

दुसऱ्यात तो बोळ आला. कॅमेरा कोपऱ्याशी थांबला, तसे बाबा पुढे सरकले.

"उजेड वाढव."

आता कुंपणच शेत खाणार!

"बाबा, अंधार गेला तर यात उरतं काय?"

"वाढव म्हणतोय ना."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून सिनेमा उजळायचा का?"

बोलून गेले. बाबांना राग आला नाही, ते नुसते दमल्यासारखे मागे टेकले.

"त्या कोपऱ्यात तुझी आई आहे," ते म्हणाले.

मी चित्र थांबवलं.

"अगं, काळ्याकुट्टात फोकस धरणार कशावर? तिला काळे कपडे घालून उभी केली आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर फोकस धरला. पहिल्या सिनेमातला अंधार म्हणजे नुसतं काळं कापड. यात माणूस आहे. लोकांना दिसत नाही, पण आत कोणीतरी आहे एवढं कळतं. म्हणून घाबरतात." मग हळूच म्हणाले, "आहे का गं ती अजून, बघ ना."

आईला जाऊन बरीच वर्षं झालीत. मी चित्राला हात लावला नाही, फक्त मॉनिटरचं बटण फिरवलं. काळ्याचं राखाडी झालं, राखाडीत आधी कपाळ उमटलं, मग नाक. आई होती. माझ्याहूनही लहान.

"दिसली?"

"हो."

"काय करतेय?"

"जांभई देतेय."

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "बजावलं होतं तिला, अजिबात हलू नकोस म्हणून! तर म्हणते कशी, अंधारात कोण बघतंय?"

मग ते वाकले, पार काचेला नाक टेकेपर्यंत. बराच वेळ तसेच राहिले.

"मला नुसतं धुकं दिसतंय गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"शेठला सांग, अंधार आहे तसाच राहील," ते सावरून बसले. "आणि ते बटण फिरव परत. उभी राहून दमली असेल ती."

मी बटण फिरवलं. आई गेली. मग मी रडले, अगदी मनसोक्त. अंधारात कोण बघतंय?