सात दिवसांची मुदत

दादाने स्वतःचा आणि धाकट्या बहिणीचा असे दोन्ही कोड स्क्रीनवर शेजारी-शेजारी उघडले आणि तिच्या चुका हुडकायला बसला. ती समोरच चहा पीत होती.

लोकांचे फोन आणि निरोप पोचवणारा एक सर्व्हर दोघा भावंडांनी मिळून लिहिलेला, जगाला फुकट दिलेला. सहा वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं आणि तिने त्याचीच प्रत उचलून वेगळी चूल मांडली. आता दोन्हीकडची माणसं थकली होती. एकत्र आलं नाही तर दोघांचंही काम बुडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एका जुन्या सहकाऱ्याकरवी तसा निरोप तिनेच धाडला होता. दादाची अट एकच, शेवटचा शब्द माझा!

तिच्या कोडमधली मंजुरी देणाऱ्यांची यादी उघडली आणि त्याचा हात माउसवरच थबकला. पहिलं नाव त्याचं होतं.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? नियम तुझाच. नवी आवृत्ती काढण्याआधी तुला मेल करायची, सात दिवस थांबायचं. हरकत आली नाही तर मंजूर. मी तो काढलाच नाही."

"सहा वर्षं?"

"एकेचाळीस आवृत्त्या. लोक म्हणायचे, त्याला कशाला विचारतेस? मी म्हणायचे, बोलत नसला तरी वाचतो. त्याच जोरावर तर आज आले."

दादाला एकदम आठवलं. भांडणाच्या दुपारीच रागाच्या भरात त्याने तिचा नंबर अडवला होता आणि तिची प्रत्येक मेल थेट कचऱ्यात जाईल अशी सोय केली होती. पुढे ते विसरूनही गेला. आता गप्प बसला असता तर सहज निभावलं असतं.

"मी एकही वाचली नाही," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्या कचऱ्यात गेल्या. मीच तसं करून ठेवलं होतं."

तिला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग लग्नाची?"

तिचं लग्न झाल्याचं त्याला परक्याकडून कळलं होतं. सख्ख्या भावाला साधं बोलावणं नाही, म्हणून तो वर्षभर धुमसत होता.

"हरकत असेल तर कळव, असंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "आली नाही, म्हणून मला वाटलं, तू येशील. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर मी शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही, दादा."