पाच पोटल्यांचं बाळसं

गुढियारीत सत्ययुग उतरलं होतं. तिथली मुलं न जेवता वाढत होती.

म्हणजे काट्यावर वाढत होती. हातपाय होते तसेच, काड्यांसारखे. पण दर गुरुवारी भारीनाथ बाबाच्या लटकत्या काट्याचा आकडा पुढे सरकायचा आणि रेल्वे फाटकापर्यंत लागलेली आयांची रांग जयजयकार करायची. बाबा आधी मूल तोलायचा, मग त्याच्या कमरेला काळ्या दोऱ्यात एक लाल पोटली बांधायचा. फळ पुढच्या गुरुवारी.

"अंगात काय आहे, मइया? अंग तो माटी है! वजन श्रद्धेत असतं. जिची श्रद्धा पक्की, तिचं पोट्टं भारी!"

शंकर नगरात आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या क्षमानं पाच गुरुवार केले. तिची आठ महिन्यांची राधिका अंगणवाडीच्या यादीत लाल रंगात होती, म्हणजे वजन धोक्याइतकं कमी, पाच किलो चारशे. तिला सरकारी पोषण केंद्रात भरती करायचं ठरलं होतं. पण अंगणवाडीच्या विजयाताईंनी तिला पोटल्यांसकट तोललं. देवाचा दोरा कोण सोडणार? शिवाय वरच्या साहेबांना नव्यानं झालेल्या राज्याची प्रगती दाखवायची होती. पाच किलो आठशे. नाव लालमधून पिवळ्यात गेलं, भरती रद्द. रांगेतल्या बाकी मुलांचंही तसंच झालं.

"जड झाली, भाऊ! कडेवर घेतलं का हात दुखते माहे," क्षमा आनंदानं सांगायची. पोट्टीनं मात्र रडणं सोडलं होतं. रडायला ताकद लागते.

लसीकरणाच्या दिवशी मीच मायलेकींना स्कूटरवर बसवून अंगणवाडीत नेलं. क्षमाचा नवरा नीलेश उरला भागातल्या, लोखंडी सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिलमधून पाळी संपवून तिथं आला. नर्स शारदादीदींनी रजिस्टरातला आकडा वाचला, मग राधिकाच्या दंडाभोवती मापाची पट्टी गुंडाळली. पट्टी लालवर थांबली.

"वजन पिवळं आणि दंड लाल? क्षमा, ह्या पोटल्या सोड बरं."

"काहून सोडू, दीदी? बाबा म्हणते, गाठ सोडली का वजन उतरते."

बाबा जन्मात एकदा खरं बोलला असेल, तर ते हेच.

"उतरू दे. किती उतरते ते तरी पाहू."

"मी सोडतो. कोप होईल तं मले होईल," म्हणत नीलेशनं दोरा कापला.

राधिका भरली पाच किलो तीनशे. दीदींनी तिला उतरवलं आणि काट्याच्या रिकाम्या झोळीत पाचही पोटल्या ठेवल्या. बरोबर पाचशे ग्रॅम. मापाच्या बाबतीत बाबा प्रामाणिक होता.

नीलेशनं एक पोटली फाडली. आत दोन पेरांएवढा लोखंडाचा तुकडा.

"हे तं सळीचं कटिंग होय! आमच्या मिलच्या मागं ढीग पडून राहते याचा. रोज पायाखाली तुडवतो मी."

"म्हणजे माही पोट्टी वाढलीच नाही?" क्षमानं विचारलं.

"शंभर ग्रॅम घटली," दीदींनी जुना आकडा दाखवला.

क्षमा तिथंच फरशीवर बसली.

"आता मी काय करू, दीदी? देवाचं होतं ना ते," विजयाताई पुटपुटल्या.

"देवाचं होतं तर देवाच्या नावावर लिहायचं. पोट्टीच्या नावावर काहून लिहिलं?" दीदींनी विचारलं.

बाबाला जाब विचारला, तर म्हणाला, "लोहा भी तो धरती माँ का प्रसाद है." अशा माणसाशी वाद घालू नये, त्याला पोलिसांत द्यावं. आम्ही दिलं.

बायांनो, मूल तोलताना त्याच्या अंगावर काही ठेवू नका. दोरा नको, ताईत नको, श्रद्धा तर नकोच. मूल दुधानं आणि वरणभातानं वाढतं. आणि साहेबांनो, आकड्याला टाळ्या वाजवण्याआधी एकदा मुलाचा दंड हातात धरून बघा.

राधिकाला त्याच दुपारी पोषण केंद्रात नेलं. तिथे दर दोन तासांनी दूध पाजतात, फुकट. पाच आठवडे वाया गेले, आता जागा मिळेल की नाही म्हणून क्षमा वाटभर रडत होती.

वीस खाटांपैकी चौदा रिकाम्या होत्या.