वाडीचं डिझेल

आमच्या वाडीत एक रीत होती. आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला मुरबाडला न्यायचं झालं, तर भगीरथ जीपचं भाडं घ्यायचा नाही आणि डिझेल वाडीनं घालायचं. ज्याच्या घरी शेतपंपाचं डिझेल असेल तो कॅन घेऊन यायचा. कुणाला सांगावं लागत नसे. माणसाला उचलून आत ठेवेपर्यंत मागं कुणीतरी टाकीला नरसाळं लावलेलं असायचंच.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर भगीरथनं जीप विकली आणि कल्याणहून जुनी व्हॅन आणली. पांढरी, मऊ गाद्यांची, आरशाला प्लास्टिकची फुलं. टाकीचं झाकण हरवलेलं, म्हणून तोंडात फडकं कोंबलेलं. ती पेट्रोलवर चालते हे त्यानं कुणाला सांगितलंही असेल. पण वाडीत आजवर जे इंजिन आलं ते डिझेलचंच. पंप, भाताची गिरणी, जीप.

रुपा माझी धाकटी जाऊ. पहिलटकरीण. खळ्यावर झोडणी चालू असताना तिला कळा सुरू झाल्या. सुदामभावजी, तिचा नवरा, शहापूरला कंपनीत कामावर गेलेले. बाळंतपणं करणारी सरस्वतीकाकू आली, तिनं लुगडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, आत्तापासूनच रक्त फार जातंय, हिला दवाखान्यात न्या.

आम्ही दोघींनी रुपाला धरून व्हॅनमध्ये निजवलं. माझा लेक चार महिन्यांचा, अंगावर पिणारा, तो सासूबाईंकडे ठेवला. रुपाला तशातही बोलायचं होतंच. "भगीरथदादा, गाडी नवरीवानी सजवलीस, आता चालव पन तशीच."

आमचे सासरे कमळूबाबा शेतावरून धावत आले. धापा टाकत पुढं बसले, रिकामा कॅन पायांशी ठेवला आणि मागं वळून सुनेला म्हणाले, "भिऊ नको गो पोरी. भरपूर घातलाय. कल्यानपरत जाईल."

उतार संपेपर्यंत गाडी बरी चालली. मग मागून पांढरा धूर निघायला लागला, गाडी गचके खायला लागली. दर गचक्याला रुपा माझं मनगट आवळायची. मोठ्या रस्त्याला लागून थोडं पुढं गेलो आणि टोकावड्याच्या अलीकडं, जिथं ना ढाबा ना घर, तिथं गाडी थांबली ती थांबलीच. भगीरथनं चावी फिरवून फिरवून बघितली. खाली उतरून टाकीतलं फडकं ओढलं, नाकाशी धरलं. मग त्याला बाबांच्या पायांशी कॅन दिसला.

"बाबा, काय घातलाव तुमी?"

"डिझेल. नेहमीचा."

"ही पेट्रोलवर चालते, बाबा."

"गाडी हाय ना पन?" बाबा एवढंच म्हणाले, आणि उतरून रस्त्यावर पळाले.

उतरताना पायांशी असलेला कॅन त्यांच्या हातातच आला होता. समोरून, मागून गाड्या येत होत्या. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून कॅनसकट दोन्ही हात हलवत होते. गाडीवाल्यांना वाटे, म्हातारा डिझेल मागतोय. कुणी हातानं नाही म्हणे, कुणी नुसता हॉर्न वाजवी. मी काचेतून बघत होते. हाक मारून सांगावं, बाबा, कॅन टाका, तर काकू म्हणाली, इकडं बघ, डोकं आलं.

पोर तिथंच झाली. मी तिला पदरात घेतलं.

"पोरगी ना, ताय?" रुपानं विचारलं.

"हो गो. तुझ्यावानीच नाक."

"डोकं पूस तिचं. गारठा हाय."

भगीरथ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, तेव्हा भाजीचा टेम्पो थांबला. कोबीच्या गोण्या सरकवून आम्ही रुपाला ठेवलं. तिच्या अंगाखालचं गोणपाट भिजत चाललं होतं. पोर रडायला लागली, मी तिला माझ्याच छातीशी लावलं. रुपा ते बघत होती. मुरबाड यायच्या आधी कधीतरी तिचं बघणं थांबलं.

रुपाची पोर, अपेक्षा, आता चालायला लागलीय. माझा लेक आणि ती एकाच झोळीसाठी भांडतात. सुदामभावजींनी बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भगीरथनं व्हॅन विकून टाकली. बाबांनी पंपाला पुन्हा हात लावला नाही, त्या उन्हाळ्यात वांगी उभ्या उभ्या वाळली.

आणि अपेक्षाला त्यांनी कधी उचललं नाही. ती "आजा" म्हणत गेली की ते उठून मोरीकडं जातात, राखेनं हात घासतात, नाकाशी नेतात, पुन्हा घासतात. मी एकदा म्हटलं, बाबा, पुरे झालं आता. तर म्हणाले, "वास जात नाय गो."

काल दुपारी ते ओट्यावर बसले होते. पोर पेंगत होती. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेले.

दारातून बघितलं. ती झोपली होती त्यांच्या पोटाला डोकं लावून. बाबा हलत नव्हते. दोन्ही हात त्यांनी तिच्यापासून दूर, हवेत धरून ठेवले होते, आणि ते थरथरायला लागले तरी खाली घेत नव्हते.