हळदीच्या खळ्यावरचा गॉगल

रंगुबाईच्या डाव्या डोळ्यात काहीतरी वाढतंय, हे तिच्याआधी धोंडुबाईच्या ध्यानात आलं. बागायतदार लालासाहेबांच्या खळ्यावर दोघी समोरासमोर बसून हळकुंडं निवडत होत्या. वर चैत्राचं ऊन होतं, खाली वाळत घातलेली पिवळीजर्द हळद, आणि मधेच वारा सुटला की सगळ्यांच्या तोंडावर तिचा भुगा.

"रंगे, हिकडं बघ. डोळ्यात मांस आलंय गं तुज्या. काळ्या बुबुळापतूर आलंय की!"

"ऊन लागतंय. उनाचा डोळा लाल व्हतोय, त्यात काय नवं?" रंगुबाईनं पदराच्या टोकानं डोळा चोळला आणि हात परत हळकुंडांत घातला.

डोळ्याचा त्रास तिला नवा होता असं नाही. गेली कितीतरी वर्षं फाल्गुन सरला की तिचे डोळे पेटायचे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारी आत वाळू शिरल्यागत खुपायचं, संध्याकाळी पाण्याची धार लागायची. तिनं मध घालून पाहिला, गुलाबपाणी घातलं. कुणी सांगितलं म्हणून तुरटीचं पाणीही घातलं. शेवटी कोरेगावच्या एका औषधाच्या दुकानातनं थेंबाची बाटली आणली. ते थेंब घातले की लाली झटक्यात जायची. म्हणून बाटली संपली की ती दुसरी आणायची.

कोरेगावापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात हळदीच्या कामाला बायकांची जी टोळी होती, तिची रंगुबाई पुढारीण. काढणीपासून निवडणीपर्यंत कुणाच्या खळ्यावर कवा जायचं, कुणी काय करायचं, हे तीच ठरवायची. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. तिच्याच वयाची धोंडुबाई तेवढी रंगे म्हणायची, आणि तिच्या शब्दापुढं जीभ चालवायची हिंमतही तिचीच. रंगुबाईचा नवरा बाळासो स्वतःच्या रानात राबणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्यासमोर डोळ्याचं गाऱ्हाणं तिनं कधी काढलं नव्हतं. पण त्या वर्षी तिनं निवडलेल्या हळकुंडांत जाडे गोल गड्डे राहायला लागले आणि लालासाहेबांनी पोत्यात हात घालून ते तिच्यासमोर धरले, तेव्हा तिनं मान खाली घातली. निवडणीत तिचा हात कधी चुकला नव्हता. डाव्या डोळ्यापुढं सगळं धुरकट दिसत होतं.

त्या रात्री बाळासोनं एवढंच विचारलं, "दिसतंय का न्हाई नीट?"

"कमी दिसतंय," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं एकदम डोळ्यांतनं वाहायला लागलं.

बाळासोची हळद सांगलीच्या बाजाराला जायची होती. त्या खेपेला तीही गेली. तिची भाची श्रद्धा सांगलीत विश्रामबागेला राहायची. तिनं मावशीला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. प्रमोदिनीबाई म्हणून होत्या; पांढरे केस, सावकाश बोलणं. त्यांनी यंत्रातनं डोळा पाहिला, मग खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"काम कुठं करता?"

"हळदीच्या खळ्यावर. न्हाईतर रानात."

"म्हणजे दिवसभर ऊन, वारा आणि धूळ. डोळ्याला रोज तेच सोसावं लागलं की त्याच्यावर असं मांस चढतं. आपल्या परीनं तो अंगावर कातडं ओढून घेतो म्हणा ना."

रंगुबाईला ते पटलं. तिला उगीचच डोळ्याची कीव आली.

"ते बुबुळावर सरकलंय, म्हणून धुरकट दिसतं. मी काढून टाकते. पण उन्हात उघड्या डोळ्यांनी बसलात तर ते परत येईल, आधीपेक्षा जोरात येईल. आणि ही बाटली कुणी दिली?"

"दुकानातनं."

"हिनं लाली जाते आणि डोळा आतनं खराब होतो. एकदा खराब झाला की नजर परत येत नाही. ही आजपासून बंद. मध बंद, तुरटी बंद. डोळ्यात स्वच्छ पाण्याशिवाय काही जायचं नाही, आणि मी देईन तेवढंच औषध."

ऑपरेशन झालं. श्रद्धाच्या घरी रंगुबाई डोळ्यावर पट्टी बांधून पडून राहिली. इतक्या वर्षांत इतकं पडून राहणं तिला ठाऊक नव्हतं. पट्टी सुटली तेव्हा डोळा लालबुंद होता, पण खिडकीबाहेरच्या गुलमोहराचं पान न् पान वेगळं दिसत होतं. ती कितीतरी वेळ नुसती पानं बघत बसली.

निघताना बाईंनी परत बजावलं. उन्हात गेलं की गॉगल, कडेनं बंद असलेला. वर पदर पुढं ओढून. डोळा चोळायचा नाही.

"गॉगल?" रंगुबाई दचकली. "म्या?"

"तुम्हीच. डोळा तुमचाच आहे ना?"

एसटी स्टँडाबाहेर मतीन नावाचा गॉगलवाला होता. त्यानं तिच्या तोंडापुढं आरसा धरला. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि डोळ्यांच्या जागी काळ्याभोर दोन काचा. तिनं आरसाच उलटा केला.

"छान दिसतो, मावशी," श्रद्धा म्हणाली.

"तुला दिसतोय. आमच्या गावात दिसायचा न्हाई."

झालंही तसंच. कामावर परतल्या दिवशी तिनं खळ्याच्या कडेला उभं राहून गॉगल चढवला आणि आत पाऊल टाकलं. बायकांचे हात थांबले. धोंडुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"आगं बया! रंगे, शूटिंग कुटं हाय म्हनायचं?"

खळंभर हशा पिकला. पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं तर हसता हसता हळदीतच बसकण मारली. रंगुबाईही हसली, कारण न हसून चालणार नव्हतं. पण थोड्या वेळानं एका पोरीला तिनं नीट निवड म्हणून सांगितलं, तर पोर तिच्या काचांत स्वतःचं तोंड बघत हसायलाच लागली. आपण सांगितलेलं कुणी ऐकायचं नाही, ही भीती रंगुबाईला ऑपरेशनपेक्षा मोठी वाटली. तिनं गॉगल काढून पिशवीत टाकला.

चार दिवस तो तसाच पिशवीत राहिला. डोळा परत चुरचुरायला लागला. संध्याकाळी चुलीपुढं बसली की धूर सोसवेना. बाळासोनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिच्याकडं पाहिलं.

"गॉगल कुटं हाय?"

"हाय."

"लावत न्हाईस?"

"हसत्यात."

तो जेवला, हात धुतला, झोपला. रंगुबाईला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी खळ्यावरच्या बायका रस्त्याकडं बघून कुजबुजायला लागल्या. रंगुबाईनं मान वर केली. चावडीच्या बाजूनं बाळासो येत होता. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि डोळ्यांवर हिरव्या काचांचा गॉगल. शाळेतल्या पोरांनी जत्रेत घ्यावा तसला. सकाळी कोरेगावला जाऊन त्यानं तो आणला होता. त्याच्यामागं चावडीवरची रिकामटेकडी माणसं हसत येत होती.

"बाळासो," त्यांतला नाथाजी ओरडला, "पिक्चरमधी घेतलं काय रं तुला?"

"व्हय," बाळासो मागं न बघता म्हणाला. "बायकूनं वशिला लावला."

हा माणूस अख्ख्या जन्मात असं काही बोलल्याचं गावाला आठवत नव्हतं. हशा उसळला. बाळासो शांतपणे खळ्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत येऊन बसला. रंगुबाई तणतणत त्याच्याकडं गेली.

"आवं, ह्ये काय सोंग घेतलंय? माजं काय कमी हसं झालंय व्हय?"

"व्हऊं दे की. एकटीचं झालं, आता दोघांचं व्हईल. निम्मं निम्मं." त्यानं गॉगल जरा खाली करून तिच्या डोळ्याकडं पाहिलं. "डोळा लाल झालाय परत. तू लाव, मग म्या काढतो."

 तिला राग आला होता. पिशवीतनं गॉगल काढून तिनं लावला आणि माघारी हळदीत जाऊन बसली. बायका हसल्या, पण आधीच्या हशातली धार त्यात राहिली नव्हती. फक्त धोंडुबाई रोज काहीतरी टोचायचीच. "पिक्चरची हिरवीन आली," म्हणायची.

वैशाखात एका दुपारी, वारा पडलेला असताना, शेजारच्या नांगरलेल्या रानातनं वावटळ उठली. बघता बघता खळ्यावर आली. माती, पाचोळा, हळदीची टरफलं, सगळं गरगरत बायकांच्या अंगावर. आरडाओरडा झाला. जी ती डोळे मिटून पदर शोधायला लागली. गॉगलमुळं उघड्या डोळ्यांनी बघू शकत होती ती एकटी रंगुबाई. धोंडुबाई गुडघ्यावर बसून मुठीनं उजवा डोळा कराकरा चोळत होती.

"चोळू नगंस!" रंगुबाईनं धावत जाऊन तिचे हात धरले.

"सोड! मेले गं! आत घुसलंय कायतरी!"

एक म्हातारी पुढं झाली. "जिभंनं काढते, सरक." दुसरी पदराचं टोक वळत होती.

"कुनी हात लावायचा न्हाई!" रंगुबाईचा आवाज असा चढला, की सगळ्या जागच्या जागी थांबल्या. "माठातलं पानी आना. प्यायचं. हौदातलं नगं."

तिनं धोंडुबाईचं डोकं मांडीवर आडवं घेतलं, पापणी अलगद उघडून धरली आणि तांब्यानं बारीक धार सोडली. पुष्कळशी माती वाहून गेली. पण धोंडुबाईची कळ थांबेना, डोळा उघडवेना. सांगलीला ऐकलेलं रंगुबाईला आठवत होतं, पण पुढं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि ती घाबरली होती. डोळ्यावर नुसतं स्वच्छ फडकं धरून तिनं बाळासोला हाक मारायला एकीला पळवलं. बाळासोच्या राजदूत फटफटीवर तिघं कोरेगावला गेली. धोंडुबाई वाटभर रंगुबाईचा दंड धरून होती. तिची नखं रंगुबाईच्या कातडीत रुतत होती.

तिथल्या डॉक्टरांनी सुन्न करायचं औषध घालून हळदीचं बारीक टरफल काढलं. बुबुळावर ओरखडा उठला होता. आणखी चोळलं असतं तर जखम होऊन डोळ्यात कायमचा पांढरा डाग राहिला असता, असं ते म्हणाले.  बाहेर आल्यावर धोंडुबाई रडायला लागली.

"रंगे, तुला हसले म्या."

"आता गप. रडलीस तर औषध वाहून जाईल," रंगुबाई म्हणाली, आणि दोघी तिथंच पायरीवर बसून हसल्याही, रडल्याही.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईनं टोळी कामाला बसवली नाही. बायका खळ्याच्या कडेला उभ्या, आणि ती लालासाहेबांपुढं.

"काय म्हणणं हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"दुपारचं काम बंद. आमी उजाडायला येतो, ऊन चढलं की थांबतो, ऊन उतरलं की परत येतो. निवडनी पत्र्याच्या सावलीत. आन् वाऱ्याच्या बाजूला कायतरी आडोसा."

"असं केलं तर माझी हळद पावसात भिजंल की, आक्का."

"न्हाई भिजत. तुमचं काम राहिलं तर माजं नाव घ्या. पर ह्या बायकांचं डोळं गेलं तर ते म्या कुटनं आनू?"

लालासाहेब वाईट माणूस नव्हते, हट्टी होते. दोन दिवस त्यांनी दुसऱ्या गावच्या बायका आणून बघितल्या. त्या बायकांनी गड्डे आणि हळकुंडं एक केली. तिसऱ्या दिवशी लालासाहेबांनी वाऱ्याच्या बाजूला जुनं ताडपत्रीचं कापड बांधलं आणि बाळासोच्या घरी निरोप पाठवला. दुपारचं काम थांबलं, निवडणी सावलीत आली. उन्हात हळद फिरवायला जायचं तर पदर कपाळावर पुढं ओढायचा, वरनं टॉवेल बांधायचा, आणि डोळ्यात काही गेलं तर आधी माठाकडं जायचं, हे ठरून गेलं. गॉगल मात्र रंगुबाईचा एकटीचाच राहिला. "आमाला न्हाई बाई जमायचं," पोरी म्हणायच्या. तिनंही जोर केला नाही.

हळदीचं काम आटोपल्यावर ती डोळा दाखवायला सांगलीला गेली. बरोबर धोंडुबाई होती. तिचा ओरखडा भरला होता, तरी एकदा दाखवते म्हणाली. प्रमोदिनीबाईंनी दोघींना तपासलं. रंगुबाईचा डावा डोळा चांगला होता. पण त्यांनी उजवा जरा जास्त वेळ पाहिला.

"ह्याच्यातही कोपऱ्यात थोडं दिसतंय."

रंगुबाईचा हात उजव्या डोळ्याकडं गेला. "म्हंजी ह्योबी कापायचा?"

"आत्ता नाही. असंच सांभाळत राहिलात तर कदाचित कधीच नाही. पण सांभाळायला लागेल, दर उन्हाळ्यात."

"सांभाळते," ती म्हणाली. 

स्टँडावर आल्यावर धोंडुबाई मतीनच्या गाड्यापुढं रेंगाळली. हा बघ, तो बघ करत तिनं त्याला घाम फोडला, आणि शेवटी लाल दांड्यांचा एक गॉगल घेऊन पदराआड लपवला. गाडीत उन्हाच्या बाजूचीच जागा मिळाली. सांगली मागं पडल्यावर तिनं इकडं तिकडं बघितलं आणि तो हळूच डोळ्यांवर चढवला. खिडकीबाहेर तापलेली रानं, पांढरा पडलेला रस्ता. ती बघतच राहिली.

"आगं रंगे," ती म्हणाली, "समदं जग थंड झालं की गं!"

विट्याच्या पुढं दिवस मावळला. गाडीत दिवे लागले.

"काढ आता. ऊन गेलं," रंगुबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाली. "गावात शिरताना काढते."