व्हरांड्यातलं फोल्डर

"आमच्या कंपनीत एक वेळ माणूस हरवेल, कागद हरवणार नाही," असं भाऊजींनी सासुरवाडीला जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. घास गिळायच्या आत बायकोने विचारलं, मग वॉशिंग मशिनचं गॅरंटी कार्ड कुठे आहे? मशिन कधीपासून गळत होतं. भाऊजींनी पाणी मागितलं. सासूबाईंनी विषय बदलायला घेतला, पण मेहुण्याने काही तो बदलू दिला नाही.

मेहुणा त्याच कंपनीत होता, ही खरी अडचण. कंपनी लिफ्ट बनवायची. भाऊजी तिथल्या नोंद विभागाचे प्रमुख आणि मेहुणा माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचचा प्रमुख. मेहुणा कारखान्यातही त्यांना भाऊजीच म्हणायचा, म्हणून मालकापासून रखवालदारापर्यंत ते सगळ्यांचेच भाऊजी झाले होते. म्हणजे अख्ख्या कंपनीने त्यांना बहीण दिली होती, पण मानपान करायची वेळ आली की एकही मेहुणा पुढे येत नव्हता.

त्या जेवणात खऱ्या मेहुण्याने बातमी फोडली. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी होती. नोंद विभाग नापास झाला तर मालक तो बंद करणार होते आणि भाऊजींना डिस्पॅचमध्ये पाठवणार होते. म्हणजे मेहुण्याच्या हाताखाली.

"स्टूल पुसून ठेवलंय, भाऊजी," मेहुणा वाढून घेत म्हणाला. "नटबोल्टांच्या पिशव्या मोजायच्या. बसून काम आहे."

भाऊजींनी गोडाला हात लावला नाही.

तसे ते घाबरणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा विभाग नुकताच संपूर्ण डिजिटल झाला होता. सगळे कागद स्कॅन करून संगणकात गेले होते आणि मूळ कागदांचा लगदा होऊन त्याची अंड्यांची खोकी झाली होती. प्रश्न फक्त एवढाच होता की संगणकात गेल्यावर ते सापडायचे कसे. कुणी म्हणालं तारखेने लावा, कुणी म्हणालं गिऱ्हाइकाच्या नावाने. विभागातल्या सगळ्यात जुन्या कारकून म्हणजे मावशी. त्यांनी सांगून टाकलं की आपला हात जिथे जातो तिथेच कागद हवा, नाहीतर आपल्याला जमायचं नाही. भाऊजींना ते एकदम पटलं. मग संगणकात फोल्डर झाले ते असे: 'खिडकीजवळचं कपाट', 'दाराआडचं कपाट', 'मोडक्या खुर्चीमागे', 'टेबलावर, तात्पुरतं'.

खोलीतली कपाटं रिकामी झाली, तरी जागची हलवली नाहीत. कुणी कागद मागितला की मावशी उठायच्या, खिडकीजवळच्या रिकाम्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहायच्या, किल्ली लावून ते उघडायच्या, आत बघून "हां, वरचा खण" असं म्हणायच्या, कपाट बंद करायच्या आणि परत येऊन संगणकात वरचा खण उघडायच्या. कागद हमखास मिळायचा. भाऊजींनी या पद्धतीचा नियमच करून टाकला आणि सहीशिक्क्यानिशी भिंतीवर लावला: खोली आणि संगणक यांच्यात कधीही फरक पडता कामा नये.

आता कोणत्याही नोंदखोलीत रद्दीचाही काही बंदोबस्त लागतो. यांचा बंदोबस्त पूर्वापार साधा होता. नको असलेलं बाहेर व्हरांड्यात ठेवायचं, शुक्रवारी रद्दीवाला उचलून न्यायचा. म्हणून संगणकात 'व्हरांडा' नावाचंही एक फोल्डर होतं. ते दर शुक्रवारी दुपारी आपोआप रिकामं व्हावं अशी सोय संगणकवाल्याने करून दिली होती. या माणसाला सगळे पासवर्ड म्हणायचे, कारण कुठलीही तक्रार घेऊन गेलं तरी तो आधी तेवढंच विचारायचा.

तपासणीच्या आधीच्या शुक्रवारी मालकांच्या मनात आलं की नोंदखोलीला रंग द्यावा. रंगारी सकाळीच आले. त्यांनी सगळी कपाटं ढकलत ढकलत बाहेर व्हरांड्यात नेली, मोडकी खुर्चीसुद्धा. मावशींनी चष्मा पुसला, भिंतीवरचा नियम पुन्हा एकदा वाचला आणि संगणकातली सगळी कपाटं एकेक करून 'व्हरांडा' फोल्डरमध्ये नेऊन ठेवली. भाऊजींनी स्वतः येऊन ताळा करून पाहिला. व्हरांड्यात दाराआडचं कपाट डावीकडे होतं आणि संगणकात उजवीकडे, तेवढं त्यांनी दुरुस्त करून घेतलं. मग दोघं समाधानाने जेवायला गेली.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, चेहऱ्यावरची माशीही हलणार नाही अशा. मालक त्यांना घेऊन आले आणि मागोमाग, डिस्पॅचमध्ये काही कामच नसल्यासारखा, मेहुणाही दारात येऊन टेकला. बाईंनी एका हॉटेलात बसवलेल्या लिफ्टचा ब्रेकचाचणीचा अहवाल मागितला. मावशी उठल्या. कपाटं परत आत आली होती, पण रंगाऱ्यांनी ती वाटेल तशी लावली होती, त्यामुळे मावशी आधी तीन कपाटांपुढे उभ्या राहून आल्या. मग त्यांनी संगणक उघडला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "खोली रिकामी आहे."

भाऊजी म्हणाले, रिकामी कशी असेल, सगळे इथेच तर बसलेत. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तेही बसले.

पासवर्डला बोलावलं. त्याने सवयीने पासवर्ड विचारला, मग शांतपणे सांगितलं की शुक्रवारी दुपारी व्हरांडा रिकामा झाला, तो होणारच होता. बॅकअप? होता ना. तोही रोज संध्याकाळी खोलीशी जुळवून घेतो, तसं भाऊजींनीच सांगितलं होतं. तेव्हा तोही रिकामा आहे, पण अगदी बिनचूक रिकामा आहे.

मालकांचा चेहरा नव्या रंगापेक्षा पांढरा पडला. मेहुण्याने खिशातून फोन काढून कुणाला तरी स्टूल सावलीत सरकवायला सांगितलं. भाऊजींच्या डोळ्यांपुढे नटबोल्टांच्या पिशव्या नाचायला लागल्या. आणि घरी बायको काय म्हणेल? ती काहीच म्हणणार नाही. तिचा भाऊ रोज जेवताना म्हणेल.

बाई मात्र उठून भिंतीपाशी गेल्या होत्या. त्यांनी नियम वाचला. रद्दीचा नियम मागून घेतला, तोही वाचला. मग पासवर्डकडून शुक्रवारी काय काय घडलं त्याची संगणकातली नोंद काढून घेतली. ती तेवढी शाबूत होती, कारण ती कुठल्याच कपाटात नव्हती.

"व्हरांड्यात ठेवलं ते शुक्रवारी नष्ट करायचं, असा तुमचा लेखी नियम आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी मान हलवली. मान तशीही खालीच होती.

"आणि ते नष्ट झालं. वेळेवर. आणि झाल्याची नोंदही आहे." बाईंनी मालकांकडे पाहिलं. "मी एवढ्या कंपन्या बघते. नियम सगळ्यांकडे असतात, पण कुणी एक चिठोरंही फेकत नाही. लिहिलंय तसं घडलंय, असं मी पहिल्यांदाच बघतेय."

मालकांनी चाचरत विचारलं की मग ब्रेकच्या अहवालाचं काय? बाई म्हणाल्या की तो हरवलेला नाही, त्याची रीतसर विल्हेवाट लागली आहे, दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. शेरा उत्तम मिळाला. खाली एक सूचना होती: हीच पद्धत इतर विभागांतही लागू करावी, सुरुवात डिस्पॅचपासून.

मालकांनी त्याच दुपारी डिस्पॅच भाऊजींच्या ताब्यात दिलं. मेहुण्याला यापुढे त्यांना कामावर भाऊजी म्हणता येईना, आणि साहेब म्हणायला जीभ वळेना, म्हणून तो नुसताच खाकरायचा. घरी भाऊजींनी त्या रात्री दोनदा गोड घेतलं आणि बायकोला सांगितलं की तुझ्या भावाला मी सांभाळून घेईन, काळजी करू नकोस.

डिस्पॅचमध्ये त्यांनी गेल्या गेल्या काम हातात घेतलं. गिऱ्हाइकांचे पत्ते खोक्यांवर लिहायची जुनाट पद्धत बंद केली. कुठल्या गिऱ्हाइकाचं खोकं शेडमध्ये कुठे ठेवलंय, तेवढंच संगणकात नोंदवायचं: 'डाव्या भिंतीलगत', 'खांबापाशी', 'मोठ्या दारात'. मेहुणा एकदा खाकरला, की झाडूवाले रोज खोकी सरकवतात. भाऊजींनी त्याला भिंतीवरचा नियम दाखवला.

बुधवारी बारा मजली हॉटेलसाठी तयार झालेली लिफ्ट, माळ्यावर पुस्तकं चढवायला छोटी लिफ्ट मागवलेल्या एका बैठ्या ग्रंथालयात उतरवण्यात आली. ग्रंथपालांनी पोच दिली असून, लिफ्ट छत फोडून बसवण्याचं काम सुरू आहे.